बोर्डाच्या भिंतीत स्क्रू का टिकत नाही?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

आम्ही वाकडला टू बीएचके फ्लॅट घेतला, तेव्हा मोठ्या हॉलचा एक कोपरा जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालून मुलीच्या अभ्यासासाठी वेगळा केला. हॉलला फॉल्स सीलिंगही करून घेतलं. पार्टिशनवर पुस्तकांची फळी लावली होती, ती मागच्या महिन्यात रात्री स्क्रूच्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट खाली आली. मुलगी त्या दिवशी आजीजवळ झोपली होती म्हणून निभावलं. खोलीला दाराऐवजी पडदा आहे. त्याचा रॉड दोनदा पक्का करून घेतला, तरी पुन्हा हलतोय. सुतार म्हणतो बोर्डच हलका आहे, बोर्डवाला म्हणतो सुताराने चुकीचं ड्रिल मारलं. मिस्टर म्हणतात, भोकात एम-सील भरू आणि तिथेच पुन्हा स्क्रू मारू. त्यात आता नणंद बाळंतपणाला येणार आहे. सासूबाईंच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात पाळणा छताला टांगलेला असायचा, तसाच त्यांना आमच्या हॉलच्या सीलिंगला हवा आहे. हे सगळं पक्कं कसं करायचं? की बोर्ड काढून सरळ विटांची भिंत बांधावी?

— एक वाचक, वाकड

उत्तर

ताई,

पाळण्याचं आधी सांगतो, कारण बाकीची कामं चार दिवस थांबली तरी चालतील. फॉल्स सीलिंगला पाळणा टांगू नका. बोर्डाला नको, बोर्डाच्या वर असलेल्या पत्र्याच्या चॅनेललाही नको. हुक कितीही जाड मिळाला तरी नको. वाड्यात पाळण्याची कडी लाकडी तुळईला असायची आणि ती तुळई वरच्या मजल्याचा भार पेलण्यासाठीच घातलेली असायची. तुमच्या हॉलमध्ये खालून दिसतो तो फक्त टांगलेला बोर्ड आहे, खरं छत त्याच्या बरंच वर आहे. सासूबाईंना हे नुसतं तोंडी सांगू नका, दाखवा. मेन स्विच बंद करून सीलिंगमधला एखादा गोल दिवा खाली ओढा आणि त्या भोकातून टॉर्च मारा. वर स्लॅब, मधे पोकळी आणि अर्ध्या इंचाच्या बोर्डाची कापलेली कड, तिन्ही एका नजरेत दिसतील. ज्यांनी आयुष्यभर तुळई पाहिली आहे त्यांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही. पाळणा कुठे टांगता येईल ते पुढे लिहितो.

आता भिंत. तुमचा बोर्ड बहुधा १२.५ मिलिमीटर जाडीचा असेल, पार्टिशनला सर्रास तोच वापरतात. त्याच्या पोटात जिप्सम आणि दोन्ही अंगांना जाड कागद असतो. पीओपी पाण्यात कालवल्यावर घट्ट होऊन जे बनतं, ते म्हणजे जिप्समच. ते दाब बऱ्यापैकी सोसतं, पण ताण आला की तडकतं आणि टोकदार वस्तूने खरवडलं तर भुगा होतं. बोर्ड वाकवताना जी ताकद जाणवते ती मुख्यत: कागदाची असते. त्यामुळे कागद जिथे फाटला तिथे बोर्ड कमजोर झाला, मग आतलं जिप्सम कितीही चांगल्या प्रतीचं असो.

तुमच्या सुताराने मारलेली गिट्टी, म्हणजे साधा प्लास्टिकचा रॉल प्लग, वीट आणि काँक्रीटसाठी बनवलेली आहे. ती स्क्रू आत गेला की फुगते आणि भोकाच्या बाजूंना घट्ट दाबून धरते. वीट त्या दाबाला दाद देत नाही, म्हणून पकड येते. बोर्डात दोन गोष्टी बिघडतात. दीड-दोन इंचाच्या गिट्टीचा जेमतेम अर्धा इंच भाग बोर्डात असतो आणि उरलेली पोकळीत लोंबकळते. जो अर्धा इंच बोर्डात आहे तो फुगला की भोवतीचं जिप्सम चिरडतं. म्हणजे स्क्रू जितका आवळाल तितकी पकड वाढण्याऐवजी कमी होते. पहिल्या दिवशी हाताला घट्ट लागतं, कारण ताजा भुगा गच्च दाबलेला असतो. तो हळूहळू खाली गळतो आणि गिट्टी हलायला लागते.

पडलेल्या गिट्ट्या टाकून दिल्या नसतील तर एक हातात घेऊन पाहा. तिच्या पुढच्या भागावर पांढरी पूड चिकटलेली असेल आणि मागचा भाग जवळजवळ कोरा असेल. तो कोरा भाग कशालाच धरून नव्हता. मग भोकात टॉर्च मारा. समोरून भोक आठ-दहा मिलिमीटरचं दिसेल, पण टोक वाकवलेली तार आत घालून मागची कड चाचपली तर तिथे मोठा खड्डा लागेल. हा खड्डा हॅमर ड्रिलने केलेला आहे. पुण्यात इलेक्ट्रिशियन असो, सुतार असो किंवा पडदेवाला, भिंत दिसली की मशीन हॅमरवर टाकून सहाचं नाहीतर आठचं बिट मारायचं ही सवय आहे. विटेला ते ठीक आहे. बोर्डात मात्र बिट मागून बाहेर पडताना ठोक्यासरशी मागचा कागद आणि त्याला चिकटलेलं जिप्सम उडवून देतं. म्हणजे अर्धा इंच जाडीतली निम्मी जाडी भोक पाडतानाच गेली. बोर्डात ड्रिल करताना हॅमर बंद ठेवायचा, बिट धारदार घ्यायचं आणि हाताचा जोर लावायचा नाही. एवढं सांगितलं तरी निम्मं काम सुधारतं. म्हणून तुमचा बोर्डवाला म्हणतो त्यात तथ्य आहे. पण अभ्यासाची खोली करतोय म्हटल्यावर फळ्या येणारच हे त्यालाही कळायला हवं होतं. बोर्ड बंद करण्याआधी आत प्लाय घालायचं त्याने सुचवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. दोष दोघांचा आहे आणि वाद घालून फळी उभी राहणार नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

फळी पडण्याचं मोठं कारण वेगळंच आहे आणि ते शांतपणे समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण एकदा कळलं की घरातल्या प्रत्येक वस्तूकडे तुम्ही त्या नजरेने बघाल. आपण विचार करतो तो वजनाचा. 'पुस्तकं किती किलोंची?' पण भिंतीला कळतो तो ओढा. फळी भिंतीपासून पुढे आलेली असते, त्यामुळे वजन ब्रॅकेटला खाली ढकलतं आणि त्याच वेळी वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर खेचतं. खाली ढकलणारा भार बोर्ड बऱ्यापैकी झेलतो. बाहेर खेचणारा ओढा त्याला झेपत नाही.

हिशोब करून बघू. मीटरभर फळी पुस्तकांनी भरली की वीस-पंचवीस किलो सहज होतात. आपण २४ किलो धरू. पुस्तकांचं वजन भिंतीपासून सरासरी १२ सेंटिमीटर पुढे आहे. ब्रॅकेटची भिंतीला टेकलेली उभी बाजू, वरच्या स्क्रूपासून खालच्या टोकापर्यंत, फक्त ८ सेंटिमीटर आहे. मग वरच्या स्क्रूंवर एकूण ओढा येतो २४ गुणिले १२ भागिले ८, म्हणजे ३६ किलो. पुस्तकांच्या वजनापेक्षा दीडपट! दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १८ किलो, दिवसरात्र, बाहेरच्या दिशेने. आता तीच पुस्तकं आणि तीच फळी ठेवा, फक्त ब्रॅकेटची उभी बाजू २४ सेंटिमीटरची घ्या. ओढा १२ किलोंवर येतो आणि प्रत्येकी ६. एक पैसाही जास्त मजबूत गिट्टीवर न घालवता भार तिसऱ्या हिश्शावर आला. दुकानात दिसायला सुबक, बुटके ब्रॅकेट मिळतात. काँक्रीटच्या भिंतीवर ते खुशाल लावा, बोर्डावर लावू नका.

पडद्याच्या रॉडचं दुखणं वेगळं आहे. तिथे वजन फार नाही, पण हालचाल आहे. पडदा सकाळी उघडताना एकीकडे खेचला जातो, रात्री लावताना दुसरीकडे. वर्षाला सातशेहून अधिक वेळा स्क्रू थोडा इकडे आणि थोडा तिकडे डुलतो. दर वेळी तो भोकाच्या कडेचं कणभर जिप्सम खरवडतो. भोक आधी लांबट होतं, मग गिट्टी त्यात फिरायला लागते, आणि एक दिवस रॉडच्या टोपीखाली भिंतीवर पांढरी रेघ दिसते. ती पांढरी पूड हा पहिला इशारा आहे. बोर्डाच्या भिंतीवर लावलेल्या कुठल्याही वस्तूखाली फरशीवर किंवा भिंतीवर अशी पूड दिसली, तर वस्तू त्याच दिवशी खाली उतरवून ठेवा. आदळणारं दार, भिंतीला लागून थरथरणारं वॉशिंग मशीन किंवा एक्झॉस्ट फॅनही हेच करतात. तुमच्या फळीचं मध्यरात्री पडणं कोडं वाटलं असेल, पण तिला पडायला नेमका धक्का लागत नाही. ओढा सतत चालूच असतो, पकड रोज जराशी कमी होत जाते आणि दोन्ही जिथे बरोबरीला येतात तो क्षण रात्रीचाही असू शकतो.

पावसाळ्याचाही थोडा हात आहे. ओल लागलेलं जिप्सम नरम पडतं. पार्टिशनला पाण्याची पाइप किंवा बाथरूम लागून असेल तर तिथे साधा बोर्ड मुळातच चुकीचा, तिथे ओल सोसणारा हिरव्या कागदाचा बोर्ड लागतो. तुमची खोली हॉलमधली आहे, तेव्हा तुमच्याकडे हे मुख्य कारण नसावं.

आता मिस्टरांचा एम-सीलचा उपाय. त्यांचा तर्क बरोबर आहे, फक्त जागा चुकीची आहे. एम-सील स्वत: दगडासारखं घट्ट होईल, पण ते चिकटणार कशाला? भोवतीच्या भुसभुशीत कडेला. पुढच्या वेळी फळी पडेल तेव्हा एम-सीलचा गोळा आणि त्याच्याभोवतीचा बोर्डाचा तुकडा असं दोन्ही घेऊन पडेल, आणि आत्ता बोटभर असलेलं भोक मुठीएवढं होईल. काडेपेटीच्या काड्या, फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला कापूस, व्हाइट सिमेंट, सगळ्यांची गत तीच. जुनं भोक भार घ्यायच्या कामाचं राहिलेलं नाही. सुटलेला कागद कटरने साफ कापून टाका, जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे बोर्डाचे सांधे भरायची लांबी, भरा, भोक मोठं असेल तर वर पेपर टेप लावून पुन्हा कंपाउंड ओढा, वाळलं की घासून रंग द्या. नवा स्क्रू तिथून किमान दोन इंच दूर घ्यायचा.

आणि तो कुठे घ्यायचा, हाच खरा प्रश्न आहे. बोर्डाच्या मागे पत्र्याचे उभे स्टड, म्हणजे सांगाड्याचे खांब, असतात. ते बहुतेक ठिकाणी दोन फुटांवर असतात, काही कंत्राटदार सोळा इंचांवर घेतात. भार त्या सांगाड्याला द्यायचा, बोर्डाला नाही. स्टड शोधायला महागडं यंत्र लागत नाही. एखादं जोरकस लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरमधलं असेल तर उत्तम. ते पातळ कापडात गुंडाळून भिंतीवरून हळूहळू आडवं फिरवा. जिथे बोर्डाचे स्क्रू कंपाउंडखाली दडलेले आहेत तिथे ते खेचलं जाईल. एक स्क्रू सापडला की सरळ वर आणि सरळ खाली शोधा. साधारण फुटाफुटावर पुढचे सापडत गेले तर ती स्टडची रेघ. पेन्सिलने खूण करा आणि पुढची रेघ शोधा. रात्री दिवे मालवून टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून तिरपी धरली तरी स्क्रूंवरचे कंपाउंडचे ठिपके उठून दिसतात. स्विचबोर्डच्या थेट वर किंवा खाली मात्र ड्रिल करू नका, वायरची पाइप बहुधा तिथूनच गेलेली असते.

स्टडमध्ये स्क्रू घेण्याचीही एक रीत आहे. पत्रा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा धरतो. त्यामुळे बारीक आट्यांचा, स्वत: भोक पाडत जाणारा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू हवा, लाकडाचा जाड आट्यांचा नको. मशीन हळू चालवायचं आणि डोकं टेकलं की थांबायचं. आणखी एक फेरा मारला की आटा पत्र्यातून सुटतो आणि स्क्रू नुसता गरागरा फिरतो. बोथट टोकाने जोर लावला तर पत्र्याची कड मागे वाकते आणि स्क्रू बाजूने निसटतो. कारागिराला हे आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

अडचण अशी की फळीला ब्रॅकेट जिथे हवेत तिथेच स्टड असतील असं नाही. त्यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय फार देखणा नाही, पण टिकतो. १८ मिलिमीटर प्लायची सहा इंच रुंद आडवी पट्टी घ्या, ती किमान दोन, शक्य तर तीन स्टडपर्यंत पोहोचेल एवढी लांब. प्रत्येक स्टडवर ती चार-चार स्क्रूंनी पकडा आणि भिंतीच्याच रंगात रंगवा. आता फळीचे ब्रॅकेट प्लायवर हवे तिथे लावा. लाकडाचा स्क्रू प्लायमध्ये घट्ट बसतो आणि भार पट्टीमार्फत सगळ्या स्टडमध्ये वाटला जातो. पडद्याच्या रॉडलाही दोन्ही टोकांना अशीच छोटी पट्टी द्या. त्या पडद्याच्या जागेच्या कडेला दोन्ही बाजूंना स्टड असणारच, कारण मोकळी जागा सोडताना तिथे सांगाडा संपवावा लागतो. पट्टी डोळ्याला खुपत असेल आणि खर्चाची तयारी असेल तर तेवढ्या भागातला बोर्ड कापून आत स्टडच्या मधे प्लाय बसवून घ्या आणि वर नवा बोर्ड लावा. एक-दोन दिवसांचं काम आणि धूळ, पण भिंत आधीसारखी सपाट दिसते.

जिथे स्टड मिळतच नाही आणि वस्तू हलकी आहे, तिथे पोकळ भिंतीसाठीचे खास फास्टनर असतात. त्यात टॉगल बोल्ट मला सर्वांत पटतो. काही दुकानदार त्याला बटरफ्लाय म्हणतात. मिटलेले पंख भोकातून आत जातात आणि पोकळीत गेल्यावर स्प्रिंगने छत्रीसारखे उघडतात. मग ओढा भोकाच्या कडेवर न येता मागच्या कागदाच्या रुंद भागावर पसरतो. त्यासाठी भोक मोठं पाडावं लागतं आणि बोल्ट काढला तर पंख आत पडतात, एवढ्या दोन गैरसोयी सोसायच्या. बोर्डात नुसता फिरवून बसवायचा जाड आट्यांचा प्लगही मिळतो. घड्याळ, फोटो, किल्ल्यांची पाटी यांना तो पुरे. पुस्तकांना नाही. पाकिटावर किलोंचा जो आकडा छापलेला असतो तो मी चौथ्या हिश्शावर आणून धरतो. छापील आकडा नव्या कोऱ्या बोर्डाचा आणि स्थिर भाराचा असतो, तुमच्या घरात पडदा ओढला जातो आणि दार आदळतं.

गीझर मात्र कुठल्याही फास्टनरने बोर्डावर लावू नका. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये पाणीच पंधरा किलो असतं, वर त्याचं स्वत:चं वजन. पुढे-मागे फिरणाऱ्या आर्मचा टीव्ही ब्रॅकेटही नको. आर्म बाहेर काढला की वरच्या हिशोबातले १२ सेंटिमीटर एकदम ४०-५० होतात. भिंतीला चिकटून राहणारा टीव्ही आत प्लाय असेल तर चालतो. देव्हारा लाकडाचा आणि लहान असेल तर प्लायच्या पट्टीवर ठेवा. संगमरवरी असेल तर त्याला जमिनीवरून आधार द्या.

आता पुन्हा वर बघू. सीलिंगमध्ये भिंतीपेक्षा परिस्थिती कठीण असते, कारण तिथे सगळाच भार सरळ खाली, म्हणजे भोकातून बाहेर खेचणारा असतो. साडेबाराचा बोर्ड चौरस मीटरला आठ-नऊ किलो भरतो. तुमचा हॉल बारा बाय अठरा फुटांचा धरला, तर २० चौरस मीटरला नुसत्या बोर्डाचं वजन १७० किलोंच्या आसपास होतं. ते पेलतात अठरा-अठरा इंचांवरचे पातळ पत्र्याचे सेक्शन, त्यांना धरणारे आडवे चॅनेल आणि त्या चॅनेलना स्लॅबला टांगणाऱ्या पट्ट्या. हा सांगाडा एवढ्यापुरताच हिशोबाने केलेला असतो. कंत्राटदाराने पट्ट्या दूरदूर मारल्या असतील किंवा स्लॅबमध्ये फास्टनरऐवजी लाकडी गिट्टी ठोकली असेल, तर तोही अपुरा पडतो. सांध्यावर लांब सरळ भेग दिसली, बोर्ड मधून खाली आल्यासारखा वाटला किंवा रंगाखालून स्क्रूंची डोकी उठून दिसायला लागली, तर वर काहीतरी सुटतंय असं समजून बोलावून तपासून घ्या. दिवाळीचा कागदी आकाशकंदील चॅनेलमध्ये घेतलेल्या हुकला खुशाल टांगा. काचेचं झुंबर आणि पंखा थेट स्लॅबलाच हवेत, बोर्डातून फक्त दांडी खाली आली पाहिजे.

पाळण्यात वजनापेक्षा झोका महत्त्वाचा. बाळ आणि पाळणा मिळून भार फार नाही. पण झोका तीस अंशांपर्यंत गेला तर खालून जाताना दोरीवरचा ताण स्थिर वजनाच्या सव्वापट होतो, पंचेचाळीस अंशांना दीडपटीहून जास्त. शिवाय दर झोक्याला हुक दोन्ही बाजूंना खेचला जातो. पडद्याचा रॉड वर्षभरात जेवढा डुलतो तेवढा पाळण्याचा हुक एका दुपारीत डुलेल. बोर्डात किंवा पातळ चॅनेलमध्ये हे टिकणं शक्य नाही, आणि खाली बाळ आहे.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे स्टँडचा पाळणा. बारशाला फुलांनी सजवला की तोही तितकाच शोभतो, आणि बाळ-बाळंतीण रात्री ज्या खोलीत असतील तिथे हलवता येतो. सासूबाईंना टांगलेलाच हवा असेल तर आधार खऱ्या स्लॅबचा हवा. हॉलमध्ये पंख्याच्या जागी स्लॅब ओततानाच सळईचा हुक ठेवलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून तेवढ्या महिन्यांपुरता पंखा उतरवून वायरची टोकं बंद करून घ्या, हुक गंजलेला नाही ना ते त्याला टॉर्च मारून नीट पाहायला सांगा, आणि तिथून पाळणा टांगा. दोरी किंवा साखळी बोर्डाच्या भोकाच्या कडेला घासणार नाही एवढं भोक मोठं हवं. स्लॅबमध्ये नवं भोक पाडायचं असेल तर आधी सोसायटीकडे किंवा बिल्डरच्या इंजिनिअरकडे विचारा. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात, त्यात ड्रिल घुसलं तर ते फार धोक्याचं आहे.

विटांची भिंत बांधायची का, असं विचारलंय. नको. बोर्डाचं पार्टिशन चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो भरतं, चार इंची विटांची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसह दोनशेच्या वर जाते. दसपट भार स्लॅबच्या मधोमध आणून ठेवायला स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी लागते, आणि एका फळीसाठी तो खटाटोप करण्याची गरज नाही. तुमची भिंत वाईट नाही, तिच्याकडून चुकीचं काम करून घेतलं गेलं.

फ्लॅटच्या बाकीच्या भिंतींवरही वस्तू सैल होत असतील तर आधी बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर बोर्ड. भरीव आला तर ती ब्लॉकची किंवा काँक्रीटची भिंत आहे, पण आतून अनेकदा जिप्सम प्लास्टरचा थर असतो. लहान गिट्टी त्या थरातच संपते आणि मागच्या ब्लॉकपर्यंत पोहोचतच नाही. तिथे इलाज सोपा आहे : लांब गिट्टी आणि लांब स्क्रू.

सामान आणायला रविवार पेठेत बोहरी आळीला जाणार असाल तर पडलेली गिट्टी आणि ब्रॅकेट बरोबर न्या, 'बोर्ड साडेबाराचा आहे, मागे पोकळी आहे' एवढं सांगा आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रू २५ चे न घेता प्लाय आणि बोर्ड मिळून जाडीला पुरतील असे ५० मिलिमीटरचे मागा. प्लायचा १८ आणि बोर्डाचा १२.५ मिळून साडेतीस होतात, उरलेलं टोक स्टडच्या आत पोहोचलं पाहिजे. प्लायच्या पट्टीला स्क्रूसाठी आधी सैल भोकं पाडून घ्या, नाहीतर स्क्रू पत्र्यात शिरताना पट्टी बोर्डापासून उचलली जाते. पट्टी बसली की दोन्ही हातांनी धरून पुढे ओढून पाहा, ती अजिबात हलता कामा नये. फळी लावल्यावर पहिले आठ दिवस निम्मीच पुस्तकं ठेवा, जाड शब्दकोश भिंतीच्या बाजूला आणि शक्य तितके ब्रॅकेटच्या वर. आठ दिवसांनी फळीखाली पूड नाही आणि पट्टी व बोर्डामध्ये पोस्टकार्डही शिरत नाही असं दिसलं, की उरलेली पुस्तकं लावा. तोवर मुलीची गादी त्या भिंतीपासून लांब असू द्या.